आयुष्यभर किती कामं बदललीत? आणि त्या सगळ्याचा हिशेब शेवटी कुठे लागतो?

उंटवाडीकर
दिवाळीनंतर माझे वडील ५८ पूर्ण करतील. पीएफचं, पेन्शनचं काय ते बघावं म्हणून त्यांनी आजवर केलेली कामं मी लिहून काढली. नाशिकच्या मेन रोडला कापडाच्या दुकानात सेल्समन. सातपूरला पत्रा दाबायच्या पॉवर प्रेसवर हेल्पर. सिडकोत एसटीडी बूथ. अंबडला पॅकिंग. केबलवाल्याकडे वायरी ओढणं. मग रिक्षा. दिंडोरी रोडला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर. सिक्युरिटी गार्ड. आणि आता सिन्नरच्या कंपनीत स्टोअरला. मध्ये २०१५ च्या सिंहस्थात साधुग्रामच्या मंडप कंत्राटदाराकडेही होते, ते आईने आठवण करून दिलं.

आमच्या नात्यात त्यांना 'धरसोड्या' म्हणतात. लग्नकार्यात कोणीतरी विचारतंच, "सध्या कुठे?" आणि त्या 'सध्या'वर जोर असतो. मला याचा मनापासून राग येतो. या माणसाने घरी बसून एक महिना काढलेला मी पाहिला नाही.

तुमच्या किंवा तुमच्या घरातल्यांच्या आयुष्यात अशी किती कामं झाली, का बदलावी लागली, ते वाचायला आवडेल. आणि कोणाला माहीत असेल तर सांगा, अशा तुकड्या-तुकड्याच्या नोकरीवर पेन्शन बसते का?

तर्रीबाज
काकांना साष्टांग नमस्कार. माझ्या मित्राने सहा धंदे बदलले, पण रविवारची मिसळ आणि मिसळवाला एकदाही बदलला नाही. निष्ठा अशी असावी. पेन्शनचं जाणकार सांगतील, मी वाचतोय.

सातपूरकर
ताई, वडील सातपूरला नेमके कधी होते? नव्वदच्या दशकात असतील तर त्यांनी नोकरी सोडली असं म्हणू नका. त्यांना ब्रेक मिळाला असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेम्पररी कामगाराचे सलग २४० दिवस भरले की तो कायम करा म्हणून हक्क सांगू शकतो. म्हणून सात महिने होत आले की सुपरवायझर म्हणणार, "उद्यापासून ब्रेक घे, दोन महिन्यांनी ये." ते दोन महिने घरी बसून खायचं काय? मग शेजारच्या गाळ्यात हेल्पर, तिथून ओळखीने तिसरीकडे. परत बोलावलं तर बोलावलं. माझी अशी सहा-सात वर्षं गेली. कागदावर पाच कंपन्या दिसतात, माझ्या लेखी ती एकच नोकरी होती, जी मला कोणी पूर्ण करू दिली नाही.

त्यातून एक गोष्ट मात्र हाती लागली. प्रेस शॉपमध्ये मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येत नाही. हात डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, राहू नये म्हणून ती सोय. उत्पादन वाढावं म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी एका ठिकाणी पाहिलं आणि त्याच दिवशी ते काम सोडलं. चार शॉप फिरलो होतो म्हणून धोका कळला. पहिलंच काम असतं तर अशीच पद्धत असते असं वाटलं असतं.

अंबडची एचआर
थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका. मी भरतीचं काम करते. बायोडेटावर दर आठ महिन्यांनी नवी कंपनी दिसली की आम्ही विचारात पडतो, हे खरं आहे. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, मुलगा घेतला की ड्रॉइंग वाचणं, टूल ऑफसेट, मोजमाप हे सगळं अंगात मुरायला चार-सहा महिने जातात. तो शिकून तयार होतो आणि हजार रुपयांसाठी समोरच्या गेटमधून आत जातो. मग शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरचाही उत्साह जातो. सगळ्यांनाच ब्रेक मिळालेला नसतो, काही जण खरंच टिकत नाहीत.

सातपूरकर
@अंबडची एचआर, मॅडम, हजार रुपये तुमच्या गेटच्या आत वाढवले असते तर तो समोर गेला असता का? बारा हजारावरच्या माणसाला हजार म्हणजे मुलाच्या क्लासची फी असते. तरी तुमचं एक मान्य. शिकवणाऱ्याचं मन मोडतं. मीही शिकवलंय.

अंबडची एचआर
पगार ठरवणं माझ्या हातात असतं तर वाढवला असता. मनापासून सांगते. मुलाखतीला आलेल्याला मी आता "का सोडली?" असं न विचारता "तिथे काय काम करत होता, दाखवा" असं विचारते. मोजमापाचा व्हर्निअर हातात दिला की मिनिटात कळतं.

निफाडची लेक
बायकांच्या कामांची यादी कोणी करतच नाही म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाई ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत विरळणीला जायच्या. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी बारीक कात्रीने काढायचे. मान वर, हात वर, दिवसभर. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं की तो पुढे सडतो आणि अख्खा घड खराब करतो, म्हणून नजर हलवायची सोय नाही. मग घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, मगमध्ये बुडवायचे. जानेवारी ते एप्रिल पॅकहाऊस: डोक्याला टोपी, रिंगने मणी मोजायचा, लहान निघाला की बाजूला, बाकीचे अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये. उन्हाळ्यात कांदा काढणी. पावसाळ्यात टोमॅटो आणि घरी ब्लाऊज शिवणं. मधल्या काळात बालवाडीत मदतनीस.

ही एका वर्षातली कामं आहेत, आयुष्यभराची नव्हेत. तरी रेशन कार्डावर त्यांच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलंय.

पेठ-सुरगाण्याहून छाटणीला टोळ्या येतात, त्यांच्यातल्या बायकांचंही असंच. भात लावायला घरी, छाटणीला आमच्याकडे, मधल्या काळात कुठे बांधकामावर, कुठे वीटभट्टीला. त्यांना धरसोड्या म्हणायची कोणाची हिंमत आहे का?

वाचनमात्र
वरच्या प्रतिसादाला +१. 'गृहिणी' वाचून बराच वेळ थांबले.

सिन्नरचा नातू
आजोबांना धागा वाचून दाखवला, तर म्हणाले माझं पण लिव. ते सांगतात तसंच लिहितोय.

"बाहत्तरच्या दुष्काळात मी पंधरा-सोळाचा. शाळा सुटली ती सुटलीच. दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलो. दगड एका जागी ऱ्हावा म्हणून चिंध्यांचं कडं करून त्यात धरायचा, अन् हातोडीनं फोडायचा. खडी जाड ऱ्हायली का मुकादम ढीग परत फोडायला लावायचा. ढिगाची मोजणी व्हायची, तशी मजुरी. दुपारी सुकडी भेटायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी. लई वाईट लागायची, पन खाल्ली.

मंग मायसंगं घरी बिड्या वळल्या. सिन्नरला तवा घरोघर सुपं घेऊन बाया बसेल असायच्या. साच्यानं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजारावर मजुरी. कारखान्यात नेल्या का त्यातून छाट काढायचे. छाट म्हंजे वाईट ठरवलेली बिडी, तिचे पैसे नाही. मायची बोटं पिवळी झाली ती कधी धुवून निघाली नाही.

मंग लासलगावला कांद्याच्या खळ्यावर गोण्या भरल्या. मंग माळेगावला एमआयडीसी आली, तिथं वॉचमन. मंग घरी दोन म्हशी. आता नातवाचं कार्टून बघतो, हे पण कामच हाय."

शेवटच्या वाक्यावर ते स्वतःच खूप हसले. कार्टून माझ्या मुलाचं, ते पणजोबा आहेत त्याचे.

तर्रीबाज
आजोबांना आमचा दंडवत सांगा. कार्टूनच्या ड्यूटीला ब्रेक देऊ नका म्हणावं, २४० दिवस भरू द्या.

खिळाजोड
मी छापखान्यातला. रविवार कारंजाजवळच्या एका खिळा प्रेसमध्ये कंपोझिटर म्हणून लागलो तेव्हा दहावी नापास होतो. केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, खिळे (शिशाची सुटी अक्षरं) उचलायचे, स्टिकमध्ये लावायचे, ओळ भरली की गॅलीवर. मराठीत जोडाक्षरं, काना, वेलांट्या यांचे वेगवेगळे खिळे, त्यामुळे केस एवढी मोठी की हात लांब करून जागा पाठ करावी लागायची. मजकूर उलटा वाचायची सवय अशी लागली की आजही टेबलापलीकडच्या माणसाच्या हातातला कागद मी सहज वाचतो. बँकेत लोक कागद झाकतात.

नव्वदच्या सुमाराला डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं, आलं. मालकाने मशीन भंगारात काढलं, शिसं वजनावर विकलं. आम्ही चौघे होतो. एकाने रिक्षा घेतली, एक गावी गेला, एक लग्नपत्रिकांच्या दुकानात. मी टायपिंगची परीक्षा दिली, पेजमेकर शिकलो आणि गंगापूर धरणाकडे आपलं मुक्त विद्यापीठ आहे तिथली पूर्वतयारी परीक्षा दिली. १९८९ साली ते विद्यापीठ निघालं नसतं तर माझ्यासारख्याला बी.ए. कोणी करू दिलं असतं? पुढे शाळेत ग्रंथालय सहायक, नंतर एका वकिलांकडे टंकलेखक, आता घरी मुद्रितशोधन.

यातलं एकही काम मी कंटाळून सोडलं नाही. मी जिथे उभा होतो ते कामच नाहीसं झालं. एसटीडी बूथवाल्यांचंही तेच झालं असणार. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा तेव्हा आमच्या गल्लीत बूथपुढे रांग असायची. दुबईला फोन लावणारी आई लाल आकड्यांच्या मीटरकडे बघत बघत बोलायची. मोबाईल आला आणि पिवळ्या पाट्या गेल्या. त्या काळी बूथ चालवणाऱ्या माणसाला नातेवाईक 'धंदेवाला' म्हणत असतील, ताई. बूथ बंद पडला तेव्हा तो धरसोड्या झाला.

उंटवाडीकर
@खिळाजोड, अगदी हेच. बूथ होता तेव्हा सगळे नातेवाईक आमच्याकडून फोन करायचे आणि पैसे नंतर द्यायचे. बाबांकडे ती वही अजून आहे. कोणाकोणाची नावं आहेत ते इथे लिहीत नाही.

नाशिकरोडी
दुसरी बाजूही यावी. माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोट प्रेस १९२८ पासूनची, त्यामुळे आमच्या भागात अनेक घरांत दोन-तीन पिढ्या तिथेच. मुलगा प्रेसमध्ये आहे म्हटलं की मुलीचा बाप डोळे झाकून हो म्हणायचा. वडिलांनी एकच नोकरी केली. पण ती सुखाची होती असा समज नको. कागद मोजून घ्यायचा, छापून मोजून द्यायचा, वाया गेलेलाही मोजून द्यायचा. सुटताना झडती. शिफ्ट ड्यूटी, ओव्हरटाइम. तेच काम तितक्याच लक्षाने तीस-पस्तीस वर्षं करायलाही मोठी ताकद लागते. फिरलेल्यांचं कौतुक जरूर करू, पण एका जागी राहिलेल्यांनी काही केलं नाही असं होऊ नये.

निफाडची लेक
असं कोणी म्हटलेलं नाही हो दादा. एवढंच की तुमच्या बाबांना ती संधी मिळाली, सासूबाईंना मिळाली नाही.

नाशिकरोडी
मान्य, ताई.

पासहोल्डर
मी पंचवटीने मुंबईला अप-डाऊन करतो. १९७५ पासूनची गाडी, आणि तिच्यात पिढ्यानपिढ्यांचे पासवाले. माझ्या डब्यात बहुतेकांनी मुंबईत दोन-तीन ऑफिसं बदलली, गाडी नाही बदलली. एकाची नोकरी गेली की इगतपुरीच्या आत डब्याला कळतं आणि कल्याणच्या आत तीन जण फोन लावतात. मला सध्याची नोकरी अशीच मिळाली.

गोदाकाठी
अवांतर, पण तितकंही अवांतर नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. जन्म १८७० चा. चित्रकला शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगात पत्नी आणि मूल गेलं. मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन. ती सरकारी नोकरी सोडून छापखाना काढला, भागीदारांशी पटलं नाही म्हणून तोही सोडला. जादूचे प्रयोग केले, 'प्रोफेसर केळफा' नावाने, म्हणजे फाळके उलटं. आणि १९१३ साली वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पहिला चित्रपट. त्याच वर्षी कंपनी नाशिकला आणली.

पडद्यावर त्यांनी जे केलं त्यात आधीचं प्रत्येक काम दिसतं. फोटोग्राफीतून कॅमेरा, ड्राफ्ट्समनच्या हातातून सेट, जादूतून ट्रिक शॉट. पांडवलेण्याखालच्या स्मारकावरून जाताना मला नेहमी हेच वाटतं. १९१० साली एखाद्या लग्नात त्यांनाही कोणीतरी "सध्या कुठे?" विचारलं असेल.

सातपूरकर
फाळक्यांबद्दल आदर आहेच. पण दर वेळी मोठ्या माणसाचं उदाहरण कशाला लागतं? पुढे काही मोठं घडलं म्हणून आधीची धडपड चांगली ठरते, असं होतं मग. उंटवाडीकर ताईंच्या बाबांनी चित्रपट काढला नाही. त्यांनी घर चालवलं, मुलगी शिकवली. तेवढ्यावरही मान मिळायला हवा.

गोदाकाठी
बरोबर बोललात. मी ते 'काम वाया जात नाही' या अंगाने लिहिलं होतं, पण तुमचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे.

हिशेबनीस
उशिरा आलो. धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं कोणीच उत्तर दिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. लेबर कन्सल्टंटकडे हे काम करत आलोय.

पीएफबरोबर जी पेन्शन असते ती कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे ईपीएस. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू. ५८ व्या वर्षी महिन्याची पेन्शन मिळायला एकूण १० वर्षं सेवा लागते, आणि ती एकाच कंपनीत असावी लागत नाही. सातपूरचे तुकडे, अंबडचे, सिक्युरिटी एजन्सीचे, सिन्नरचे, जिथे जिथे पीएफ कापला गेला ते सगळे एकत्र धरतात. मधला रिक्षाचा, बूथचा काळ मोजत नाहीत, पण त्यामुळे आधीची सेवा बुडतही नाही. शेवटी सहा महिने किंवा जास्त उरले तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षं भरली तरी दहा होतात.

खरी अडचण वेगळीच असते. नोकरी सुटली की लोक पैसे काढतात. त्यात दोन फॉर्म असतात: १९ नंबर पीएफसाठी आणि १०सी पेन्शनच्या हिश्शासाठी. १०सी भरून पैसे उचलले असतील तर ती वर्षं गेली. फक्त पीएफ उचलला असेल तर पेन्शनची सेवा शिल्लक असू शकते. पैसे न काढता त्याच १०सीवर स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, ते पुढच्या नोकरीत जोडता येतं. हे हेल्परला गेटवर कोणी सांगत नाही, आणि ब्रेकवर गेलेल्या माणसाला त्या महिन्यात पैशांची गरज असतेच.

यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून एकच पीएफ नंबर, २०१४ मध्ये आला. त्याआधी प्रत्येक कंपनीत वेगळा खाते नंबर, म्हणून जुन्या पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, पीएफची वार्षिक स्लिप, जे सापडेल ते काढा. कंपनी बंद पडली असली तरी खातं पीएफ ऑफिसकडे राहतं.

रकमेबद्दल फार मोठी आशा ठेवू नका. सूत्र असं: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची कमाल १५,०००, तीही सप्टेंबर २०१४ पासून. त्याआधीच्या सेवेला कमाल ६,५०० धरतात. सगळी १० वर्षं २०१४ नंतरची असती तरी महिन्याला २,१४३ रुपये बसले असते. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. थोडी आहे, पण हक्काची आहे, आणि नंतर पत्नीलाही मिळते.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही. ती त्या त्या कंपनीपुरती. जुन्या नियमाने एका मालकाकडे पाच वर्षं सलग लागायची, म्हणून तुकड्यातल्या माणसाची ती बहुतेक वेळा बुडते.

उंटवाडीकर
हिशेबनीस काका, खूप खूप आभार. तुमचा प्रतिसाद वाचून बाबांना विचारलं. अंबडचे पैसे दोन्ही फॉर्म भरून काढले होते म्हणाले, तेव्हा माझ्या बारावीचं वर्ष होतं. सातपूरचा फक्त पीएफ मिळाल्यासारखं आठवतंय. सिक्युरिटी एजन्सी आणि सिन्नर धरून नऊच्या पुढे जातंय. सातपूरचं सापडलं तर दहा होतील. आई लोखंडी पेटी उघडून बसलीये. पेटीत साधुग्रामचा पास आणि कापडाच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्डही सापडलं, स्लिपा अजून नाहीत.

सातपूरकर
ताई, कंपनी कुठल्या गल्लीत होती ते मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. तेव्हाच्या टाइम ऑफिसमधले दोघे-तिघे अजून ओळखीचे आहेत. बाबांचा टोकन नंबर, म्हणजे हजेरीचा नंबर, आठवत असेल तर तोही द्या. पीएफचा नंबर आठवत नसलेल्याला टोकन नंबर हमखास आठवतो.

हिशेबनीस
टोकन नंबर मिळाला तर उत्तम. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ ऑफिसचा 'निधी आपके निकट' हा तक्रारींचा दिवस असतो. बाबांनी स्वतः जावं, आधार, बँक पासबुक आणि सगळ्या कामांची तारखांसह यादी घेऊन. तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला केलीये तीच यादी, फक्त वर्षं घाला. पेन्शनचा फॉर्म १०डी, तो ५८ पूर्ण झाल्यावर.

सिन्नरचा नातू
काका, एक विचारू? आजोबांची धाकटी बहीण आयुष्यभर बिड्या वळत होती, कारखान्याचं कार्ड आहे. घरी बसून वळणाऱ्यांचा पीएफ धरतात का?

हिशेबनीस
धरतात. बिडी उद्योगाला पीएफ लागू आहे आणि घरी वळणाऱ्या बायकाही त्यात येतात. कार्डावर पीएफ नंबर छापलाय का बघा, आणि वर्गणी कापल्याची एखादी जुनी पावती शोधा. आत्याआजींचं वय आणि काम कधी थांबलं तेही लिहा, मग पुढचं सांगतो.

सिन्नरचा नातू
कार्ड आणायला निघालोच. आजोबा म्हणतायत, तिच्या लुगड्याच्या गाठोड्यात बघ.